जिनिंगच्या गल्लीतली हॉकी

डिसेंबरातल्या एका सोमवारी मुलांच्या हायस्कुलातला शिपाई हॉकीच्या बारा जुन्या काठ्या घेऊन मलकापूरच्या मुलींच्या शाळेत आला. काठ्या त्याने व्हरांड्यात टाकल्या, एका कागदावर सही घेतली आणि निघून गेला. मुलींनाही मैदानी खेळ शिकवावेत असा वरून कागद आला होता. जानेवारीत अमरावतीहून इन्स्पेक्टरीणबाई तपासणीला येणार होत्या आणि खेळ पाहणार होत्या. हेडमास्तरीण मंजुळाबाईंनी कागद दोनदा वाचला. त्यांच्या मनात एवढंच आलं, की आणखी एक काम वाढलं.

मंजुळाबाई चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान रामराव यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. पोस्टातली नोकरी सुटली, उजवा हातपाय गेला, बोलणं जड झालं. तेव्हापासून पहाटे उठून त्यांना उचलून बसवायचं, अंग पुसायचं, भरवायचं, मग शाळा, आणि शाळा सुटली की पुन्हा तेच. दुपारी शेजारच्या अन्नपूर्णाबाई रामरावांकडे बघत. बाईंची पाठ तीन वाजता दुखायला लागे आणि रात्री डोळा लागेपर्यंत दुखत राही. कोणी विचारलं तर त्या 'बरं आहे' म्हणत, कारण खरं सांगायलाही वेळ लागतो.

शाळेला मैदान नव्हतं. मागच्या दाराबाहेर एक गल्ली होती. एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगचं आवार, आणि पुढे चारपाच घरं. हंगामात तिथून दिवसभर कापसाच्या बैलबंड्या जात. धुळीत कापसाचे पुंजके पडलेले असत. बाईंनी वरच्या वर्गातल्या दहा मुली निवडल्या आणि चार वाजता त्यांना गल्लीत उभं केलं.

पहिला दिवस वाईटच गेला. कपडे धुवायच्या धोपटण्यासारखी काठी धरून मुली चेंडू बडवत होत्या. चेंडू हायस्कुलातूनच आलेला, चामड्याचा, दगडासारखा. तो विमलच्या घोट्यावर बसला आणि ती भिंतीला टेकून रडली. बाईंना स्वतःलाच काही येत नव्हतं. त्या नुसत्या 'हळू, हळू' म्हणत राहिल्या.

गल्लीतल्या तिसऱ्या घराच्या ओट्यावर हबीब बसलेले असत. रेल्वेत इंजिनावर कोळसा टाकण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. गुडघे आखडले तसे ते नोकरी सोडून घरी बसले होते आणि लोकांचे स्टोव्ह, कंदील दुरुस्त करत होते. दोन दिवस त्यांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी ते काठी टेकत आले आणि बाईंपासून चार पावलांवर थांबले.

"मास्तरीणबाई, वाईट वाटून घेऊ नका. पण हे काय करून राह्यल्या पोरी? हे हॉकी नाई."

"मला ठाऊक आहे, हबीबभाई. पण शिकवणार कोण?"

"मी भुसावळले रेल्वेकडून खेळलो. सात साल." त्यांनी मुलींकडे पाहिलं. "पोरीइले मी शिकवलं त लोक बोलतीन. तुमी शिका. तुमाले आलं, का तुमी त्याइले सांगा."

या वयात हातात काठी घेऊन गल्लीत उभं राहायचं, या विचारानेच बाई दमल्या. पण दुसरा मार्ग दिसत नव्हता.

हबीबभाईंनी पहिल्यांदा तो चामड्याचा चेंडू बाजूला काढला. त्यांच्या बायकोने, नूरजहांने, जुन्या कापडाच्या चिंध्या घट्ट गुंडाळून वर सुतळी विणली आणि संत्र्याएवढा चेंडू करून दिला. तो लागला तरी दुखत नव्हता, आणि गल्लीत फार लांब पळतही नव्हता. मग हबीबभाई हॉकीची एक काठी घेऊन समोर उभे राहिले. बाईंच्या हाताला त्यांनी कधी हात लावला नाही. ते करून दाखवत आणि बाई पाहून करत.

"डावा हात वर, एकदम टोकाले. उजवा खाली. डाव्या हातानं काठी फिरवाची, उजव्यानं नुसती सांभाळाची. हे पाहा, काठीची एक बाजू सपाट हाय, एक गोल. चेंडूले सपाट बाजूच लागली पायजे. गोल बाजूनं मारलं त फाऊल."

"आणि चेंडू डावीकडे आला तर?"

"त काठी उलटी कराची. मनगट फिरवा. हां. अजून. पाय नाई लावाचा. काठी खांद्याच्या वर नाई न्याची, मंग कोणाचं डोकं फुटते. आणि मारू नका इतक्यात. पयले थांबवा. आलेला चेंडू जो थांबवते, त्यालेच खेळ येते."

लुगड्याचा काष्टा घट्ट करून, पदर कमरेला खोचून बाई वाकल्या. वाकल्यावर पाठीतून कळ गेली. हबीबभाईंनी चेंडू हळूच सोडला. तो बाईंच्या काठीखालून निघून गेला. दुसराही गेला. सातवा की आठवा काठीला लागून थांबला. बाईंनी वर पाहिलं तर दहाही मुली भिंतीला पाठ लावून गप्प बघत होत्या. एक बंडीवालाही बैलांचे कासरे ओढून थांबला होता.

"जा बाबा तू," बाई त्याला म्हणाल्या.

"राहू द्या बाई, मले घाई नाई," तो म्हणाला.

पुढचे दोन आठवडे रोज चार ते पाच असंच चाललं. दोन दगड या टोकाला, दोन त्या टोकाला, मधून चेंडू गेला की गोल. एका बाजूला पाच मुली. सुरुवातीला दोघींनी समोरासमोर उभं राहून काठ्या तीनदा एकमेकींवर आपटायच्या आणि मग चेंडूवर झडप घालायची. याला 'बुली' म्हणतात, हे हबीबभाईंनी सांगितलं. बंडी आली की विमल हात वर करी आणि खेळ थांबे. चेंडू गटारात गेला की ज्या बाजूची चूक तिने तो काढून धुवायचा, हा नियम मुलींनी स्वतःच केला. हबीबभाई ओट्यावरून ओरडत, बाई तेच मुलींना सांगत. कापसाचे अडते भगवानराव यांची मुलगी शालू सगळ्यांत चपळ होती. चेंडू काठीला चिकटवूनच ती गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई.

बाईंना आनंद वगैरे झाला, असं म्हणता येणार नाही. पाच वाजता त्या घरी निघत तेव्हा पाय ओढत निघत. फक्त घरी एक फरक पडला होता. एरवी रामराव भिंतीकडे तोंड करून पडून असत. आता ते संध्याकाळी दाराकडे पाहत.

"आज... किती?" ते विचारत.

"तीन आणि दोन. शालूच्या बाजूनं जिंकलं."

"बुली... कोणी?" ते विचारत. बाई त्यांना भाताचा घास भरवत सगळं सांगत. सांगता सांगता कधी त्यांचीच मान खाली पडे, आणि रामराव डाव्या हाताने त्यांच्या गुडघ्याला हलकंच हलवत.

मग शालूच्या नडगीला काठी लागली. फार नाही, पण निळं पडलं. दुसऱ्या दिवशी भगवानराव शाळेत आले. माणूस वाईट नव्हता. खुर्चीवर न बसता, टोपी हातात धरून बोलला.

"बाई, तुमी शिकवता, आमी मान देतो. पण पोरगी तेरा वर्साची होऊन राह्यली. उद्या पाहाले लोक येतीन. पायाले व्यंग राह्यलं त मी कोणाले काय सांगू? रस्त्यावर, बंडीवाल्याइच्या समोर... माह्या घरात त नाई जमत हे."

"खेळ तिला चांगला येतो, भगवानराव."

"तेच त सांगून राह्यलो. येते म्हणून ते सोडत नाई."

बाईंनी वाद घातला नाही. त्यांच्यात तेवढं बळ नव्हतं. त्या आठवड्यात शालू खेळातून गेली आणि तिच्यामागे आणखी चौघींच्या घरून निरोप आले. पाच मुली उरल्या. बाईंना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. आता कागदावर लिहिता आलं असतं की पालकांची संमती नाही. चार ते पाच तो एक तास खुर्चीत टेकता आलं असतं.

त्या हबीबभाईंच्या ओट्याशी गेल्या. ते एका काठीच्या मुठीला चिंधी गुंडाळत होते.

"हबीबभाई, बंद करावं म्हणते. पाच मुलींत काय होणार?"

त्यांनी हातातली काठी खाली ठेवली. "जशी तुमची मर्जी, बाई." मग ते म्हणाले, "थकल्या तुमी. दिसते मले."

नूरजहां आतून दाराशी आली. "बसा जराशा," ती म्हणाली. बाई ओट्यावर बसल्या. नूरजहांने विचारलं नाही, नुसता पाण्याचा तांब्या समोर ठेवला. मुसलमानाच्या घरचं पाणी पिताना कोणी पाहिलं तर गावात बोलतील, हे तिघांनाही माहीत होतं. बाईंनी तांब्या उचलला आणि अर्धा रिकामा केला. जिनिंगच्या यंत्रांची घरघर चालू होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बाई दप्तर आवरत होत्या, तर मागून काठ्यांचा आवाज आला. त्यांनी दार उघडलं. पाचही मुली गल्लीत होत्या. एका बाजूला तिघी, एका बाजूला दोघी.

"तुम्हाला सांगितलं ना, आजपासून नाही म्हणून?"

विमल घाम पुसत म्हणाली, "बाई, आमी शाळेचा खेळ नाई खेळत. असंच खेळून राह्यलो. पण इकडे एक जण कमी हाय."

"मग तिघींतली एक घ्या."

"मंग तिकडे कमी होते." विमलने भिंतीला टेकलेली एक काठी उचलली. "तुमी या ना बाई. तुमाले येते."

नाही म्हणायचं बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी पाचही जणींकडे पाहिलं, मग चपला काढून दाराच्या आत ठेवल्या आणि पदर खोचला.

त्यांना धावता येत नव्हतं, म्हणून त्या मागे, दगडांच्या पुढे उभ्या राहिल्या. पहिला चेंडू आला तो त्यांनी थांबवला. दुसरा डावीकडून आला. काठी उलटी करून त्यांनी तोही थांबवला आणि विमलकडे ढकलला. ओट्यावरून हबीबभाई एवढंच म्हणाले, "बरोब्बर." बाईंचा श्वास लागला, पाठ ठणकत होती, पण चेंडू पुन्हा येत होता आणि त्याच्याकडे बघावंच लागत होतं. खेळ संपला तेव्हा जिनिंगचा भोंगा वाजून गेला होता. सहा कधीच वाजले होते.

घरी अन्नपूर्णाबाई दारातच उभ्या होत्या. रामरावांचं अंथरूण ओलं झालं होतं. त्यांनी ते बदललं होतं, पण बोलून दाखवल्याशिवाय त्या गेल्या नाहीत. ते बरोबरच होतं. बाई खाटेजवळ खाली बसल्या. त्यांना रडू येईलसं वाटलं.

"उशीर," रामराव म्हणाले.

"हो. चुकलंच माझं. खेळत होते."

"पोरी?"

"मी. एक जण कमी होती."

रामरावांनी त्यांच्या धुळीने भरलेल्या पावलांकडे पाहिलं. मग त्यांचं अर्धं तोंड हललं. ते हसत होते. दोन वर्षांत बाईंनी ते पाहिलं नव्हतं. "लागलं?" त्यांनी विचारलं. बाईंनी अंगठा दाखवला. तो सुजला होता. रामरावांनी तो डाव्या हातात धरून ठेवला.

जानेवारीच्या वीस तारखेला इन्स्पेक्टरीणबाई आल्या. वर्ग तपासले, दप्तर पाहिलं, मग खेळ पाहायला मागच्या दाराशी आल्या. गल्लीत पाच मुली आणि हेडमास्तरीण. अर्ध्या खेळात दोन बंड्या आल्या, खेळ थांबला. इन्स्पेक्टरीणबाई नाकाला रुमाल लावून उभ्या राहिल्या.

"मैदान नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही स्वतः खेळता?"

"मुली कमी आहेत, म्हणून."

त्यांनी मान हलवली. महिन्याभराने शेरा आला. रस्त्यावर खेळ घेणं शाळेच्या शिस्तीला धरून नाही, तो बंद करावा, साहित्य परत करावं. शिक्षण समाधानकारक. बाईंनी काठ्या मोजून परत पाठवल्या. त्यांना राग आला नाही. शेऱ्यात खोटं काहीच नव्हतं.

पण शाळा पाचला सुटे आणि त्यानंतर गल्ली शाळेची नव्हती. हबीबभाईंनी बाभळीच्या फांद्या विस्तवावर शेकून, वाकवून सहा काठ्या केल्या. त्या ओबडधोबड होत्या, एकीचीही बाजू नीट सपाट नव्हती. पाचनंतर मुली त्यांच्या ओट्यावरून त्या उचलत आणि अंधार पडायच्या आत परत ठेवत. बाई रोज जात नसत. बहुतेक दिवशी त्या सरळ घरी जात. बुधवारी मात्र अन्नपूर्णाबाई तासभर जास्त बसायला तयार झाल्या होत्या. बदल्यात बाई त्यांच्या सुनेला लिहायला शिकवणार होत्या.

मार्चमधल्या अशाच एका बुधवारी ऊन रेंगाळलं होतं. बाई दगडांपुढे उभ्या होत्या. तोंडाला पदर लावून एक बाई गल्लीच्या तोंडाशी आली. ती भगवानरावांची बायको तानुबाई होती, आणि तिच्यामागे शालू.

"हे गावाले गेले," तानुबाई हळू आवाजात म्हणाली. "परवा येतीन. पोरगी दोन महिने घरात नुसती बसून राह्यली. आज एक दिवस खेळू द्या तिले. नडगीले फडकं बांधून आणलं मी."

बाईंनी शालूच्या पायाकडे पाहिलं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत जुन्या चादरीचं फडकं गच्च गुंडाळलेलं होतं.

"ये," बाई म्हणाल्या, आणि आपल्या हातातली काठी तिच्यापुढे धरली. "माझ्या जागी ये. मी बसते जरा."

त्या ओट्यावर नूरजहांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि भिंतीला डोकं टेकलं. विमल आणि शालू समोरासमोर उभ्या राहिल्या. काठ्या तीनदा आपटल्या. पुढचं बाईंनी पाहिलं नाही, त्यांचा डोळा लागला होता. नूरजहांने त्यांना उठवलं नाही.