कोरे बूट

१९५८ च्या पावसाळ्यात दारव्ह्याच्या एका जिनिंग फॅक्टरीने आपल्या फुटबॉल संघासाठी कामठीहून नवा उस्ताद आणला. अन्सारमियाँ त्यांचं नाव. संघातल्या अकरा जणांना फॅक्टरीत बारमाही काम होतं. बाकीचे मजूर कापसाचा हंगाम सरला की घरी. डावा बॅक खेमसिंग याला हा फरक पुरता ठाऊक होता. तो तांड्यावरून दोन कोस चालत यायचा. वय चौतीस, आणि आजवरचा सगळा खेळ अनवाणी.

अन्सारमियाँनी आल्या आल्या नागपूरहून अकरा जोड बूट मागवले. "पोळ्यापर्यंत पाहतो," ते म्हणाले. "ज्याला बुटात खेळता येणार नाही, तो बाहेर." मग घरच्या लग्नासाठी ते आठ दिवस कामठीला गेले. जाताना बजावलं, सराव बुटातच करा.

अकराही जणांनी सराव अनवाणीच केला. कोरी करकरीत वस्तू, ती चिखलात कशी घालावी? सेंटर फॉरवर्ड नासिरने आपला जोड पेटीत ठेवला. खेमसिंगची बायको रुपीबाई हिने नवऱ्याचे बूट तेल चोळून गोधडीत गुंडाळले. मॅचच्या दिवशी ते प्रथमच पायात चढले आणि उमरखेडच्या संघाने पाच गोल मारले. मध्यंतरालाच सगळ्यांच्या टाचा सोलल्या होत्या.

"आठ दिवस काय केलं?" अन्सारमियाँनी विचारलं.

खेमसिंग म्हणाला, "नवे होते, उस्ताद. मॅचसाठी जपून ठेवले."

"भाई, बूट आहे तो. नवरीचा शालू नाही."

दुसऱ्या दिवसापासून हुकूम सुटला: झोपेखेरीज बूट उतरायचा नाही. खेमसिंग बुटातच निंदणाला गेला, बुटातच बाजाराला. तांड्यावर त्याचा चुलतभाऊ धरमसिंग वाटेत गाठून विचारायचा, "काहून गा, कलेक्टरनं बलावलं का तुले?"

"तुलेच धरायले धाडलं त्यानं," खेमसिंग म्हणायचा आणि पुढे चालायचा.

रुपीबाई तेवढी हसली नाही. तिने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून त्याच्या टाचांना बांधल्या. "जमून राह्यलं का?" तिने विचारलं.

"पळणं जमते. वळणं नाई जमत."

ते खरंच होतं. पुढच्या दोन मॅचमध्ये समोरचा पोरगा झटकन फिरून त्याच्या बाजूने निघून जाई. संघावर दोन गोल झाले, दोन्ही खेमसिंगच्याच बाजूने. एक मॅच हरली, एक बरोबरीत सुटली. अन्सारमियाँ वहीत लिहीत राहिले. खेमसिंगला ती वही शिवीपेक्षा जड वाटली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मुर्तिजापूरशी मॅच होती. सकाळी फॅक्टरीच्या दारावर संघाची यादी लागली. खेमसिंगला वाचता येत नव्हतं. तो नासिरच्या मागे जाऊन उभा राहिला.

"डावा बॅक श्रावण," नासिरने वाचलं.

खेमसिंग मागे फिरला.

"अबे, कुठं चालला? सेंटर हाफ, खेमसिंग."

"मजाक नको करू, नासिरभाई."

"मले काय काम नाई का? जा, उस्तादले पूस."

तो गेला. अन्सारमियाँ चेंडूत हवा भरत होते. मान वर न करता म्हणाले, "बुटात तू वळत नाहीस. पण तुझी लाथ आता अर्ध्या मैदानापलीकडे जाते, अनवाणी जात नव्हती. मधे उभा राहा. चेंडू आला की नासिरच्या पुढे टाक. मधला श्रावण तुझ्या जागी जाईल, वळायचं काम तो करेल."

दुपारी खेमसिंगने नासिरच्या पुढे सतरा चेंडू टाकले. पंधरा वाया गेले. दोन गोल झाले. मुर्तिजापूरचा एकच झाला.

हंगामाचा निकाल सांगायचा तर नऊ मॅच: तीन जिंकल्या, दोन बरोबरीत, चार हरल्या. दहा संघांत पाचवा नंबर. गेल्या साली हाच संघ तिसरा होता, पण दारव्ह्यात कोणी कुरकुर केली नाही. शेवटच्या चार मॅचमध्ये एकच हार होती, हे पाहणाऱ्यांनी पाहिलं होतं.

दिवाळीआधी फॅक्टरीच्या कारकुनाने बारमाही हजेरीपटावर खेमसिंगचा अंगठा घेतला. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा रुपीबाई भाकरी थापत होती.

"राह्यलं का काम?"

"राह्यलं. पुढच्या साली बी."

तिने भाकरी तव्यावर टाकली. "मंग बसा जेवाले," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात तुपाचा दुसरा चमचा घातला.