झाडाच्या पोटातले खण

धानोऱ्याच्या रानातल्या त्या गावात मोहाचं झाड एकट्याचं नसतं. बाप लेकीला लग्नात झाडाची फुलं देतो. झाड आणि त्याचे टोळ, म्हणजे तेलाच्या बिया, लेकाकडे राहतात. चैतात बहीण फुलं वेचते, जेठात भाऊ टोळ पाडतो.

अदीबा भद्रावतीहून आली होती, ग्रामसभेसाठी झाडांची नोंद संगणकावर चढवायला. तिची मांडणी साधी होती. झाडाला एक ओळ, ओळीत मालकाचा एक खण. गोटूलच्या, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घराच्या, ओट्यावर बसून ती वाचत गेली, आणि सोमारीबाईच्या झाडापुढं नाव निघालं तिच्या भावाचं. लालसूचं.

"अन् माही फुलं?" सोमारी पुढं सरकली. "उद्या सभेनं हेच मंजूर केलं, तं चैतात मी कोणाच्या झाडाखाली वाकू?"

लालसूला गप्प बसता आलं असतं; खणानं त्याला सारं झाड देऊन टाकलं होतं. पण तो तंबाखू मळता मळता म्हणाला, "माहे फक्त टोळ, बाई. फुलं हिची. बापानं अंगावरची हळद सुकाच्या आत देली तिले. मी काऊन घेऊ?"

अदीबानं त्याच खणात सोमारीचंही नाव घातलं. आता फुलं दोघांची दिसू लागली, टोळही दोघांचे.

"वा! म्हंजे फुलं वेचाले मलेही वाकवता?" लालसू हसला. "माही कंबर तरी पाहा!"

"थांबा, लालसूभाऊ. खणच चुकला माझा."

एवढं बोलून तिनं आठवडाभराची मांडणी मोडली, जशी बुरडीण टोपलीचं तिरपं बूड उसवून टाकते. कपाळावर आठी नाही. मग नव्यानं विणू लागली. झाडाच्या आत फूल आणि टोळ वेगळे. फुलाच्या आत हक्काचं घर, एक असो की चार. घराच्या आत, हक्क कोणाकडून आला आणि पुढं कोणाला जाणार. जिथं हक्क नाही तिथं खणच नाही. ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा तिनं सोमारीचं नाव टाकलं.

झाड उघडलं. झाडात फूल उघडलं, फुलात सोमारी, सोमारीत 'बापाकडून, लग्नात'. 'पुढं कोणाला' हा खण रिकामा होता.

"तिथी करिश्मा लिव. माही पोरगी."

"लग्न ठरलं तिचं?"

"ठरन तवा ठरन. फुलं आधीच ठरू दे."

"अन् अस्वलाचा खण?" लालसू म्हणाला. "पहाटे फुलं वेचाले सगळ्यात आधी तोच येते."

"त्याचं नाव विचारून या, भाऊ. लगेच टाकते."

सोमारी मात्र पडद्याकडे बघत गुणगुणू लागली होती :

रानाच्या पोटी झाड गं, झाडाच्या पोटी फूल,
फुलाच्या पोटी माय गं, मायच्या पोटी मूल.

दुसऱ्या दिवशी सभेत ते झाड वाचलं गेलं, आतल्या सगळ्या नावांसकट. मंजुरीला हात वर झाले. पहिला हात लालसूचा होता.