मापाची बांगडी

मी एक जुनी बांगडी आहे, मित्रांनो. पण हौसेची नव्हे, मापाची. हिरवी, प्लास्टिकची, एका बाजूला खटका असलेली. माझा जन्म विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला. कासाराचे तोंडही मी कधी पाहिलेले नाही. काचेची बांगडी फुटली तर बायका ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. ती वेळच येऊ नये म्हणून मला न फुटणारी केली.

माझी कल्पना उमरीकडच्या डॉक्टर धम्मप्रिया यांची. गरोदरपणात काही बायकांचा रक्तदाब एकाएकी चढतो. या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात आणि तो आई-बाळाच्या जिवावर बेततो. पुष्कळदा हातांना सूज येते, पण घरची माणसे ‘अंग भरलंय’ म्हणून खूश होतात. बाईंना वाटले, बांगडी मनगटावर फिरेनाशी झाली की दवाखान्यात यायला सांगितले तर? अशा नव्या, कच्च्या कल्पना तपासून पाहायला छोटे अनुदान मिळते. ते बाईंना मिळाले आणि आम्ही थोड्या बांगड्या गावोगाव निघालो.

मी शिल्पाच्या हातात गेले. ती भाकरी थापायची तेव्हा मी तिच्या मनगटावर नाचायचे. तिची सासू कस्तुराबाई रोज मला फिरवून बघायची आणि शेजारणींना सांगायची, "आमच्या सुनंच्या हातात डॉक्टरीण हाय!" खरे सांगते, शिल्पाला सूज नव्हतीच, ती मलाच चढली होती.

आठव्या महिन्यात एका सकाळी शिल्पा भाकरी तव्यावर टाकून खालीच बसली आणि सासूला म्हणाली,

"मामी, डोकं लई दुखून राहिलंय. डोळ्यापुढं काजवे चमकून राहिलेत."

कस्तुराबाईने मला फिरवले. मी गरगर फिरले.

"बांगडी तर ढिली हाय. पित्त असंल. पड जराशी."

मला ओरडून सांगावेसे वाटले. पण बांगडीला बोलता येत नाही, आणि सूज नसलेल्या हातावर घट्टही होता येत नाही.

शिल्पाने भिंत धरली. "मामी, दुखून राहिलंय ते डोकं हाय. बांगडी हातात हाय. माझ्या डोक्याचं ऐका की!"

कस्तुराबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग लेकाला हाक मारली, "भागवता, गाडी काढ!"

दवाखान्यात मोजला तर रक्तदाब भलताच चढलेला. धम्मप्रियाबाईंनी इंजेक्शन दिले आणि तिला घेऊन स्वतः नांदेड गाठले. शिल्पा वाचली. मुलगी झाली, अंगाने लहानखुरी, पण आवाज खणखणीत.

त्यानंतर बाईंनी साऱ्या बांगड्या परत मागवल्या. कुणाला सूज होती पण रक्तदाब ठीक होता, तर कुणाचे शिल्पासारखेच झाले होते. ‘कल्पना फसली,’ असे त्यांनी अनुदान देणाऱ्यांना सरळ कळवून टाकले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पण बाईंनी मला हातात घेतले. "फसलीस गं, पण लवकर फसलीस. जिल्हाभर वाटली असती तुला, तर किती सासवा तुझ्यावर विसंबल्या असत्या! म्हणून तर आधी थोड्याच हातांत दिलं."

त्या दिवसापासून मला माझी लाज वाटत नाही. बाई आता दुसरी कल्पना मांडत आहेत. तीही आधी थोड्याच जणींवर तपासणार आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी दोन जिवांची असेल, तर तिचा रक्तदाब वेळच्या वेळी मोजून घ्या. आणि ती ‘मला बरं वाटत न्हाई’ म्हणाली, तर तिच्या हाताकडे नका पाहू, तोंडाकडे पाहा. कस्तुराबाईने पाहिले, म्हणून आज तिची नात अंगणभर रांगते आहे.