न छापलेल्या फोटोंचे कपाट

सकाळी साडेआठला छायाचित्र विभागाचे दार उघडण्याचे काम गेली एकोणीस वर्षे मावशीच करत आल्या होत्या. आधी खिडकी, मग पंखा, मग संगणकाचा मोठा पडदा मऊ फडक्याने पुसायचा आणि त्यानंतरच खांद्यावरची पिशवी खाली ठेवायची, असा क्रम ठरलेला. तशा त्या कोणाच्याच मावशी नव्हत्या. पण वृत्तपत्राच्या त्या तीन मजली इमारतीत मालकांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. त्या दिवशीही त्यांनी आलेले बेचाळीस फोटो पाहिले, सामन्याचे सहा बाजूला काढले, पुलाच्या उद्घाटनाचे सगळे एकसारखेच म्हणून त्यातला एक ठेवला आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला.

तेवढ्यात संपादक आले. बसले नाहीत.

"मावशी, कपाट उघडावं लागेल."

कोणते कपाट, हे विचारायची गरज नव्हती. अपघातातल्या मृताचा एखादा फोटो छापायचा नाही असे ठरले, की त्याची एकच प्रत काढून मूळ फाइल पुसली जाई. कारण संगणकात राहिलेला फोटो कधी ना कधी कोणाच्या तरी हाती लागतोच. प्रत लिफाफ्यात, लिफाफा पोलादी कपाटात, आणि वरच्या कार्डावर मावशींची सही. तिचा अर्थ, मावशींनी हो म्हटल्याशिवाय तो संपादकांनाही मिळणार नाही. ही पद्धत मावशींनीच घालून दिली होती. संपादक तिच्या नावाने कुरकुरत, पण मोडत मात्र नसत.

"बेकरीवाला गेला त्या वळणावरच्या अपघाताला उद्या वर्ष होईल," ते म्हणाले. "त्यानंतर तिथेच आणखी तिघं गेले. कठड्यासाठी आपण आठ वेळा लिहिलं. लोक वाचतात आणि त्याच कागदावर चहाचा कप ठेवतात. तो बेकरीवाल्याचा फोटो पहिल्या पानावर गेला, तर नगरपालिकेची झोप उडेल."

"घरच्यांचं काय?"

"पालथा आहे तो. चेहराच दिसत नाही, तर ओळखणार कोण?"

पाचवा जीव वाचणार असेल, तर आपल्या सहीचे एवढे काय कौतुक, असे मावशींना वाटून गेले. कोपऱ्यात कॅमेऱ्याची काच पुसत बसलेल्या छायाचित्रकाराकडे त्यांनी पाहिले. फोटो त्यानेच काढला होता. रमतगमत चालण्याच्या सवयीमुळे कचेरीने त्याचे नाव तुफान ठेवले होते.

"तुझं काय म्हणणं, तुफान?"

"नको."

"का नको?"

"ते सांगता आलं असतं, तर मी बातम्याच लिहिल्या नसत्या का?"

मावशींनी दुपारपर्यंत वेळ मागून घेतला, कपाटातला लिफाफा काढून पिशवीत ठेवला आणि तुफानच्या स्कूटरवर मागे बसून बेकरी गाठली.

भट्टीची धग दारापर्यंत येत होती. बेकरीवाल्याची बायको पिठाने कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या हातांनी गरम ट्रे फळीवर सरकवत होती. मावशींनी आपण कोण ते सांगताच तिने हात झटकले आणि दोन स्टुले पुढे ओढली.

"तुमच्याकडे यायचं वर्षभर मनात होतं," ती म्हणाली. "त्या वेळी सासरे दवाखान्यात होते, ऑपरेशन झालेलं. पेपर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. तुम्ही नुसतं रिकामं वळण छापलंत, नावसुद्धा दिलं नाहीत. म्हणून त्यांना ते माझ्या तोंडून कळलं, तेही दोन दिवसांनी, मी शेजारी बसलेली असताना. तुमचे उपकार आहेत, ताई."

आता मुद्द्याला हात घालणे मावशींच्या जिवावर आले. तरी त्यांनी काही लपवले नाही: फोटो आहे, पिशवीत आहे, तो छापला तर कठडा लागण्याची आशा आहे, चेहरा दिसत नाही.

"पाय दिसतात का?"

"दिसतात."

"मग सगळी गल्ली ओळखेल. डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता, त्याला मी निळा शिवून दिला होता. पोरं चिडवायची. हे म्हणायचे, बायकोची शिलाई आहे, जन्मभर टिकेल."

मावशींनी फोटोत तो निळा पट्टा कितीदा पाहिला होता. चेहरा झाकला की माणूस झाकला, असे धरून चालणे ही त्यांच्या धंद्यातलीच चूक होती, आणि ती त्यांनी एकोणीस वर्षे केली होती.

"पण कठडा खरंच लागणार असेल, तर छापा," बाई सावकाश म्हणाली. "घरात काय सांगायचं ते मी बघेन. तुम्ही विचारायला आलात, एवढं पुरे आहे मला." मग पुढचा ट्रे सरकवत, "आणि एकदा पहाटे पाचला तिथून चालून बघा, हे जायचे तसं. फांद्या इतक्या खाली आल्यात, की गाडी अंगावर येईपर्यंत दिसत नाही."

निघताना तिने गरम पाव कागदात बांधून दिला. मावशींनी तो दोन्ही हातांनी घेतला. जिचे सांत्वन करायचे, तिनेच आपल्याला सावरून परत पाठवले, असे त्यांना वाटले.

"फोटो मिळणार नाही," त्यांनी संपादकांना सांगितले. "बायको छापा म्हणाली, पण चपलेवरून सगळी गल्ली त्याला ओळखेल. उद्या पहाटे तुफान ते वळण चालून येईल. दर दहा पावलांना एक फोटो, चालणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून. परवा ते पानभर लावा."

"वर्ष उद्या होतंय, मावशी."

"होऊ दे. एक दिवस उशीर चालेल."

"आणि कठडा नाहीच लागला तर?"

"तर तो पुन्हा चालून येईल. व्यायाम होईल त्याला."

संपादकांनी कपाळाला हात लावला, पण परवाचे पहिले पान रिकामे ठेवायचा निरोप खाली दिला.

मावशी कपाटापाशी गेल्या. लिफाफ्यावरच्या कार्डावरील आपली सही त्यांनी एका रेघेने खोडली आणि खाली लिहिले: पत्नीच्या परवानगीशिवाय कोणालाही नाही. शेजारी बेकरीचा फोन नंबर घातला. लिफाफा जागच्या जागी ठेवून त्यांनी दुसऱ्या एका मृताचा बाहेर काढला, त्यावरचा घरच्यांचा पत्ता वाचला आणि त्यांनाही विचारण्यासाठी फोन उचलला.