शेगडीतला करंट

ऋतुजाच्या गालावर चपलेचा वळ उठला होता. चप्पल तिचीच. मारणारा नवरा, शहाजी. गुन्हा एवढाच की ती चप्पल घालून चुलीपुढं बसली.

चूल म्हणजे जुनी इलेक्ट्रिक शेगडी. वाटण्या झाल्या तेव्हा गॅस थोरल्या भावाकडं गेला आणि ही शेगडी जुळे सोलापुरातल्या ह्या दोन खोल्यांत आली. तिचं बटण बिघडलेलं. कसंही फिरवा, कॉइल लालभडक. वरून पत्र्यात करंट. भाकरी थापायला हात ओला करावाच लागतो, आणि ओला हात पत्र्याला लागला की खांद्यापर्यंत झटका. चप्पल घातली की कमी बसतो, हे तिचं तिनंच शोधलं.

"चुलीम्होरं पायताण? लक्षुमी हाय ती!" सासू केराबाई ओरडली होती. "मला न्हाय कधी करंट लागला."

लागणार कुठून? शेगडी आल्यापासून म्हातारीनं तिच्यावर पाण्याचं भांडंसुद्धा ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजा कोपऱ्यावरच्या सिद्धू मिस्त्रीला घेऊन आली. शहाजी नुकता अंघोळ करून आलेला.

"कुणाला इचारून आणलंस ह्याला?" म्हणत त्यानं तिच्या पाठीत बुक्की घातली. सिद्धू आपल्या पिशवीत बघत राहिला. दुसऱ्याच्या बायकोला मार बसताना माणसं असंच कुठंतरी बघतात.

सिद्धूनं तपासायला शेगडी चालू केली. वर तवा, तव्यावर उलथनं, तसंच. पत्र्याला टेस्टर लावला. पेटला.

"दादा, बटणामागची वायर जळून पत्र्याला चिकटलीया. हात लावू नका."

"हिच्या नाटकात तूबी सामील व्हय? बघू की!"

शहाजीनं ओल्या हातानं पत्रा गच्च धरला, आणि हात सुटेना. बोकड कापताना येतो तसा आवाज त्याच्या घशातून आला.

"वैनी, बोर्डाचं बटण बंद करा!"

ऋतुजा बोर्डापाशीच उभी होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. पुरा एक श्वास घेतला. मग बटण दाबलं.

तो भिंतीवर आदळला. जीभ चावून तोंडातून रक्त.

"मारलंस गं माझ्या लेकराला!" केराबाई धावत आली.

"म्या न्हाय आत्या. तुमच्या लक्षुमीनं."

शहाजी उठला तो थेट तिच्या केसाला. तिनं तव्यावरचं उलथनं उचलून त्याच्या मनगटावर हाणलं. कातडं चर्र वाजलं. तो किंचाळला. तिनं दुसरं हाणलं, खांद्यावर.

"सिद्धूभाऊ, तुमी काम करा," आजवर नवऱ्याला 'अवो' म्हणणारी ती म्हणाली. "ह्यो हलला तर तोंडावर बसंल."

सिद्धूनं प्लग काढून शेगडी उपडी केली. जळकी वायर तोडली, नवं बटण बसवलं, परत प्लग लावून पत्र्याला टेस्टर टेकवला. तोवर उलथनं कधीच गार झालं होतं. पण ते अंगावर घेऊन बघायची शहाजीची छाती झाली नाही.

"झालं, वैनी. आता बारीक-मोठं होतंय. करंट न्हाय."

ऋतुजानं पिठाची परात सासूपुढं सरकवली. "बसा. हात ओला करा."

केराबाईनं लेकाकडं बघितलं. लेक मनगट चोखत फरशीकडं बघत होता.

"आगं, नीट झालीया की. तूच कर..."

"तुमाला कुटं करंट लागतोय? बसा म्हनते न्हवं!"

म्हातारी बसली. पाण्यात बुडवलेला तिचा हात शेगडीपर्यंत जाईना.