एफ-फाइव्हची रिकामी जागा

“गेली! अख्खी ऑर्डर गेली!”

आत्या अशी ओरडली, की रंगाच्या डब्यांवरची धूळसुद्धा दचकली असेल. काउंटरपलीकडचा पेंटर हसला, “परत? आत्ताच तर सगळं सांगितलं, ताई!”

या रंगाच्या दुकानात मी जन्मायच्या आधीपासून आत्याच बिलं करते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डर भरून झाली की एफ-फाइव्ह दाबायचं, बिल सेव्ह. तिचं बोट तिला न विचारताच तिथे जातं. पण आजपासून बिलं ब्राउझरमध्ये, आणि तिथे एफ-फाइव्ह दाबलं की पान नव्याने उघडतं. भरलेलं सगळं स्वाहा! सेव्ह करायला माउस हवा.

मालक तसे भले. पण सकाळीच म्हणाले, “आजचा दिवस बघू. नाही जमलं तर तुम्ही गोदाम सांभाळा. तेवढाच आराम.”

“आराम म्हणे!” आत्या माझ्याजवळ फणफणली. “तिथे बोलू कुणाशी? प्रायमरच्या डब्यांशी?”

आत्याला गप्प बसलेलं मी फक्त दातांच्या डॉक्टरकडे पाहिलंय. तिथेही हातवारे चालूच होते.

शाळा सुटल्यावर मी तिच्या शेजारी गणितं सोडवत बसले होते. ऑर्डर पुन्हा उडाली. “कळतं गं सगळं,” ती म्हणाली, “बोटच ऐकत नाही.” आवाज एवढासा झाला होता.

मला नाही बघवलं. केसांतली पिन काढली, बटणाखाली घातली. टक्! एफ-फाइव्ह उडून थेट तिच्या मांडीवर.

“कार्टे! दुकानाचा कीबोर्ड आहे तो!”

“आता दाबून दाखव!”

पेंटरने बिचाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून रंग सांगितले. आत्याने भराभर भरले. शेवटी बोट सवयीने वर गेलं, खड्ड्याशी आलं आणि थबकलं. मग हात हळूच माउसकडे वळला. प्रिंटर खरखरला. पेंटरने चक्क टाळ्या वाजवल्या!

मालक डोकावले. “अहो, एक बटण पडलंय की. नवा कीबोर्ड मागवू?”

“नको!” आम्ही दोघी एकदम.

दुकान बंद करताना मी विचारलं, “हे बटण टाकू कचऱ्यात?”

“टाकतेस काय? इतकी वर्षं माझं ऐकलंय त्याने. घरात कोण ऐकतं एवढं?”

त्यावरची अक्षरं तिच्याच बोटाने केव्हाच पुसली गेली होती. तिने ते पदराने स्वच्छ केलं, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि चेन ओढून घेतली.