शालू इथेच राहते

इटलीतल्या एका डोंगरावरच्या गावात व्हिटकर नावाचं अमेरिकन कुटुंब दीड वर्षापासून राहत होतं, आणि ते राहण्याचं काम नागपूरकडच्या मोहाडीतून शालू हेडाऊ करत होती.

म्हणजे झोपणं, जेवणं आणि जेवणाचे फोटो काढणं एवढं व्हिटकर स्वतः करत. बाकीचं शालूकडे. नागपूरच्या एका कंपनीनं तिला त्यांची दूरची मदतनीस म्हणून नेमलं होतं. नवरा डग घरी बसून अमेरिकेतल्या कंपनीचं काम करायचा. बायको मेलिसा इंटरनेटवर 'संथ जीवन' या विषयावर लेख लिहायची आणि लेख वेळेत जावा म्हणून दिवसभर धावत असायची. दोन पोरं होती. ती इटालियन चांगली शिकली होती, पण आईबापाला शिकवत नव्हती. आईबापाला न कळणारी एक भाषा घरात असली की पोरांचं बरं चालतं.

शालू मात्र शिकली. थोडी फोनवरच्या फुकट धड्यांतून, बरीचशी फिलोमेनाच्या शिव्यांतून. फिलोमेना म्हणजे व्हिटकरांच्या खालच्या मजल्यावरची म्हातारी; तक्रार असली की ती थेट शालूला फोन लावी. तिचं इटालियन शालूच्या डोक्यात शिरेपर्यंत आपोआप मोहाडीचं होऊन जायचं.

"शालू, त्या तुह्या बाईनं पुन्हा कुंड्यायले पाणी टाकलं वो. माह्या खुर्चीवर धार लागून राहिली."

"माफ करा मावशी, मी सांगतो तिले."

असं दीड वर्ष. दुपारी साडेबाराला, म्हणजे तिथले सकाळचे नऊ वाजता, डग बेकरीत जाऊन फोन समोर धरी आणि शालू आतल्या ब्रूनोला सांगे की दोन पाव दे, कालच्यासारखे करपलेले देऊ नको, आणि तुझ्या बहिणीचा गुडघा कसा आहे. डग बाजूला उभा राहून हसे. हसण्याचं काम त्याला जमत असे.

कचऱ्याचे पाच डबे होते, पाच रंगांचे, आणि कोणत्या वारी कोणता डबा बाहेर ठेवायचा ते हेडाऊंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेलं होतं. तांदूळ निवडता निवडता शालूची आई कौशल्याबाई विचारी, "आज कोणता कचरा वो?"

"काच."

"मंग सांग न त्यायले. बसली काहून?"

हेडाऊंचा स्वतःचा कचरा मागच्या रिकाम्या प्लॉटवर जाई. सातही दिवस, सगळे रंग एकत्र.

शालूला व्हिटकरांचा मनापासून तिटकारा होता. एवढे समुद्र ओलांडून माणूस जातो, आणि पाव मागायला त्याला मोहाडी लागते! पण हे काम गेलं तर पुढे काय, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. बाजारओळीत वडील टेकचंद यांचं कोसा रेशमाच्या साड्यांचं दुकान होतं. "काम आहे तोवर कर, बेटा," ते म्हणाले होते, "सुटलं का दुसऱ्या दिवशी गादीवर." एका उन्हाळ्यात ती त्या गादीवर बसली होती. बायका येत, "पाहून राहिलो फक्त" म्हणत, चाळीस साड्या उघडायला लावत, "घरी विचारून सांगतो" म्हणून जात. मग चाळीस साड्यांच्या घड्या. त्या उन्हाळ्यात शालू झोपेतही घड्या घालायची. एकदा तिनं झोपेत आईच्या पदराची घडी घातली होती, आईसकट.

त्यामुळे डगनं नगरपालिकेचं पत्र फोनसमोर धरलं, तेव्हा तिला आधी ती गादीच दिसली.

व्हिटकरांना तिथे राहायचा परवाना वाढवून घ्यायचा होता. त्यासाठी रहिवासी दाखला लागतो. दाखल्यासाठी पालिकेचा माणूस न सांगता घरी येतो आणि हे लोक खरंच इथे राहतात का ते बघतो. तो आला, तेव्हा व्हिटकर संथ जीवन जगायला समुद्रावर गेले होते. मग त्यानं गल्लीत विचारपूस केली आणि अहवाल लिहिला. शालूनं तो दोनदा वाचला.

'सदर घरात शालू नावाची महिला राहते, असे सर्व शेजारी एकमुखाने सांगतात. महिला मनमिळाऊ असून बेकरीवाल्याच्या बहिणीची रोज चौकशी करते. घरात अधूनमधून चार गोरी माणसे दिसतात. ती तिची भाडेकरू असावीत.'

खाली लिहिलं होतं की पंधरा दिवसांत पुन्हा तपासणी होईल आणि व्हिटकर हे रहिवासी असल्याचं दिसलं नाही, तर अर्ज फेटाळला जाऊन त्यांना देश सोडावा लागेल.

"हे फार सुंदर आहे," मेलिसा म्हणाली. "तू आमच्या समाजाचा भाग झालीस."

"मॅडम, तुम्ही नाही झालात," शालू म्हणाली.

संध्याकाळी टेकचंद दुकान बंद करून आले, तसं तिनं विचारलं, "बाबा, बाहेरून आलेला मानूस गावचा केव्हा होते?"

टेकचंदांनी चहाची बशी खाली ठेवली. "भांडला का."

"म्हणजे?"

"थो बँकेतला लातूरचा पोरगा आठवते? सहा वर्षं राहिला. सगळ्याईशी गोड. बदली झाली तं तीन महिने कोणाले समजलंच नाही. घरमालक त्याच्या कुलपाले नमस्कार करून राहिला होता. अन आपल्या गल्लीतले मास्तर? तिसऱ्या दिवशी नालीच्या पाण्यावरून भांडले. संध्याकाळपर्यंत त्याईचं गाव, सासरा, पगार, सगळं सगळ्याईले पाठ!"

शालूच्या डोक्यात एकदम उजेड पडला. व्हिटकरांच्या वाट्याची सगळी भांडणं दीड वर्ष तिनंच फोनवर विझवली होती. त्यांच्या वाट्याची बोलणी तिनं खाल्ली, माफ्या तिनं मागितल्या. त्या गावात राहण्याची जेवढी म्हणून मेहनत होती, ती हिनं केली, मग गाव काय डगला ओळखणार होतं?

दुसऱ्या दिवशी तिनं डगला शिकवलं. "खाली जा. फिलोमेना कुंड्यांबद्दल बोलली की म्हणा, पाणी पडणारच. एवढंच. माफी मागायची नाही."

डग खाली गेला. फिलोमेना ओरडली. डग म्हणाला, मी तुमच्या भावनांचा आदर करतो. हे त्यानं इंग्रजीत, हात छातीवर ठेवून सांगितलं. म्हातारीला वाटलं, याच्या छातीत दुखत आहे. तिनं त्याला बसवलं, केक खाऊ घातला आणि शालूला फोन केला. "तुह्या भाडेकऱ्याची तब्येत बरी नाही वो."

या माणसाला भांडायला शिकवण्यापेक्षा म्हशीला इस्त्री शिकवणं सोपं होतं. अशात चार-पाच दिवस गेले आणि तपासणीच्या मुदतीतले नऊच उरले. तेव्हा शालूनं व्हिटकरांना कळवलं की जेसीबीनं रस्ता खोदताना केबल तोडली आहे, मोहाडीत दहा दिवस नेटवर्क नाही. मग फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला.

"आज कोणता कचरा?" कौशल्याबाईंनी सवयीनं विचारलं.

"आज कोणताच नाही, आई."

"अवो, मंग त्यायचं कसं?"

त्यांचं कसं, ते दहाव्या दिवशी फोन चालू केल्यावर कळलं. फिलोमेनाचे अकरा आवाजी निरोप होते. शेवटचा नऊ मिनिटांचा.

झालं होतं असं. पहिल्या दिवशी काच कागदाच्या डब्यात गेली. चौथ्या दिवशी पाचही डबे एकदम बाहेर आले आणि दूधवाल्याची गाडी त्यांना धडकली. डगला ब्रूनोनं सलग सहा दिवस करपलेले पाव दिले, आणि तो प्रत्येक वेळी हसून घेऊन आला. सातव्या दिवशी मेलिसानं कुंड्यांना पाणी घातलं. फिलोमेना खुर्चीत होती. फोन लागेना, तेव्हा दीड वर्षात पहिल्यांदा म्हातारी स्वतः जिना चढून वर गेली.

मेलिसा गोड हसली. मग तिच्यात काहीतरी तुटलं. पाव, काच, दूधवाला, तीन दिवस उशीर झालेला लेख, सगळं तिच्या तोंडून इंग्रजीत बाहेर पडलं. फिलोमेनानं इटालियनमध्ये उत्तर दिलं. दोघी रस्त्यावर आल्या. गल्ली खिडक्यांत जमली. ब्रूनो पिठाच्या हातांनी आला आणि कोणाचीच बाजू न घेता दोघींवर ओरडला. पोरं दुभाष्याचं काम करत होती आणि आपल्याकडून भर घालत होती.

तेवढ्यात पालिकेचा माणूस आला.

"या बाई कोण?" त्यानं विचारलं.

"अमेरिकन!" अख्खी गल्ली ओरडली. "वरच्या मजल्यावरची! दीड वर्ष झालं, आमच्या डोक्यावर पाणी टाकते!"

त्यानं पुढे काही विचारलं नाही. भिंतीला कागद टेकवून तिथेच सही केली.

काम झालं होतं. शालूनं खुशीत मेल उघडला. मेलिसानं लिहिलं होतं की आम्ही आता इथलेच झालो आहोत, यापुढे स्वतःचं स्वतः बघू, आजवरच्या मदतीबद्दल धन्यवाद. सोबत नव्या लेखाचा दुवा होता. त्यात म्हटलं होतं की खरं जगणं मधल्या माणसाशिवाय असतं आणि आमच्या मदतनीस मुलीनं, नकळत का होईना, आम्हाला गावापासून दूर ठेवलं. खाली चारशे लोकांनी हृदयं चिकटवली होती.

शालू दुसऱ्या दिवशी गादीवर बसली.

चौथ्या दिवशी गिरजाबाई आल्या. "पाहून राहिलो फक्त." मोरपंखी उघडली, डाळिंबी उघडली, हळदी उघडली. "याच्यात दुसरी किनार दाखव बरं." पस्तिसावी साडी मांडीवर पसरली असताना फोन वाजला. डग होता. कुजबुजत होता.

"मेलिसाला सांगू नकोस. मी बेकरीत आहे. शालू, मी रोज ओरडून बघतो. मला जमत नाही. तो मला आता कालचे पाव देतो. प्लीज."

बोलायला शालूकडे पुष्कळ होतं. मधला माणूस वगैरे. तीन रात्री घड्या घालता घालता तिनं त्या लेखाला वाक्यावाक्यानं उत्तर तयार केलं होतं, आणि ते फार लागणारं होतं.

"हे तं माह्या नणंदेजवळ हाये वो," गिरजाबाई म्हणाल्या. "दुसरी काढ. वरची. नाही, त्याच्याही वरची."

शालूनं वरच्या फळीकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाली, "पगार मेलिसाला न सांगता द्यावा लागेल."

"हो," डग म्हणाला. "माफ कर. सगळ्याबद्दल माफ कर." माफी मागण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"फोन त्याच्यासमोर धरा."

पलीकडे भट्टीचा आवाज आला, आणि ब्रूनोची आरोळी. "शालू! कुठी मेली होती वो इतके दिवस?"

शालूनं साड्यांच्या ढिगाऱ्याखालून पाय काढून घेतले आणि इटालियनमध्ये सांगितलं की काही नाही, जरा माहेरी आले होते.